लांब दांड्याची बॅटरी करवत: कलमांच्या बागेत सांभाळून कशी चालवावी

आंब्याच्या कलमांवर चढून छाटणी करणारे गडी कोकणात कमी होत चाललेत. जे आहेत त्यांची मजुरी वाढली, तसं वयही वाढलं. म्हणून रत्नागिरी-देवगडकडच्या बागांत आता बॅटरीवरची पोल सॉ दिसू लागली आहे. लांब दांडा, वरच्या टोकाला 8 किंवा 10 इंचांचा बार, म्हणजे चपटी धातूची पट्टी, आणि तिच्या कडेने फिरणारी दातेरी चेन, खालच्या टोकाला खटका आणि बॅटरी. माणूस जमिनीवर उभा राहून चार मीटरच्या आसपासची फांदी उतरवू शकतो. पेट्रोल मिसळायची कटकट नाही, दोरी ओढत बसायचं नाही.

दुकानदार सांगतो, "झाडावर चढायलाच नको, मग धोका कसला?" अर्धंच खरं आहे ते. चढलेला गडी खोडाजवळ असतो, तोडलेली फांदी त्याच्यापासून लांब पडते. पोल सॉवाला कायम फांदीच्या खालच्या अंगाला. मान वर, दोन्ही हात गुंतलेले, पायाखाली काय आहे याचं भान नाही. त्यात हातात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा दांडा. पडायची भीती गेली खरी, पण तिच्या जागी दोन आल्या: वरून येणारी फांदी आणि विजेची तार. फिरत्या चेनचा नंबर मी या दोघींच्या नंतर लावतो.

मशीन निवडताना

यावर फार वेळ घालवू नका. 18-20 व्होल्टचं हलकं मशीन बांडगूळ आणि मनगटाएवढ्या फांद्यांना पुरतं. जुन्या कलमांची मोठी छाटणी असेल तर 36-40 व्होल्टचं बघा. दुकानात दांडा पूर्ण लांब करून, बॅटरी लावून, पाच मिनिटं डोक्यावर धरून उभे राहा. चार किलोचं मशीन तराजूत चारच किलो भरतं, पण वजन टोकाला असल्यामुळे खांदा वेगळाच हिशोब सांगतो. खांद्याला अडकवायचा पट्टा मिळत असेल तर घ्याच. खटक्याला सुरक्षेचं बटण असतं, ते दाबल्याशिवाय खटका ओढला जात नाही. ते बटण रबर गुंडाळून कायमचं दाबून ठेवलेली मशीनं दिसतात. असं मशीन फुकट मिळालं तरी वापरू नये.

अंगावर काय असावं

हेल्मेट, ज्यावर आयएस 2925 चा शिक्का आहे असं. मे महिन्याच्या उकाड्यात ते नकोसं होतं, म्हणून काम सकाळी सातला सुरू करा आणि ऊन चढलं की आवरा. हेल्मेट काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा हवा, कारण वर बघताना भुसा थेट डोळ्यात येतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पकड न सुटणारे हातमोजे, पायात बूट. चपला घालून आलेल्या माणसाच्या हातात मशीन द्यायचं नाही, तो बागेचा मालक असला तरी. गळ्यातला पंचा, लोंबणारी माळ, कमरेचा सैल टॉवेल आधी बाजूला ठेवा.

आंब्याचा चीक अंगावर उततो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. वरून कापताना तो ठिबकतो, म्हणून कॉलरचं बटण लावलेलं बरं. फांदीवर ओंबीलांचं पानांचं घरटं आहे का, तेही आधी पाहून घ्या. लाल मुंग्या मानेवर उतरल्या की माणूस मशीन चालू असतानाच हात झटकतो.

आधी तारा बघा

बॅटरी अजून पिशवीतच असू द्या. झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि फक्त वर बघा. महावितरणची 11 हजार व्होल्टची लाईन, घरगुती जोडणीची लाईन, विहिरीवरच्या पंपाकडे गेलेली तार, शेजाऱ्याच्या घराकडे झाडांतूनच ओढलेली वायर. आपल्याकडे वाड्या दाट, झाडं जुनी, आणि खांब बऱ्याचदा झाडांच्या नंतर आलेले. त्यामुळे तार पानांआड लपलेली सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ती एका बाजूने दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही. म्हणून फेरी पूर्ण मारायची.

पोल सॉला वीजरोधक समजू नका. ॲल्युमिनियमचा दांडा वीज वाहून नेतो, कार्बन फायबरचाही नेतो. फायबरग्लासचा असला तरी त्यावर ओल, चीक आणि खाऱ्या हवेतला मिठाचा थर बसला की त्याचा भरवसा धरता येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत तारेपासून 10 मीटर अंतर सांगितलेलं असतं, काहींत 15. हे अंतर दांड्याच्या टोकापुरतं धरून चालत नाही. पडणारी फांदी तारेला लागली तरी तोच प्रकार, कारण ओली हिरवी फांदीही वीज वाहते.

"आत्ता लाईट गेलीय, पटकन उरकून घेऊ" हे वाक्य बागेत ऐकू आलं तर काम तिथेच थांबवा. लाईट कधी येईल हे तुमच्या हातात नसतं. शिवाय कुणाचा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असला तर मुख्य पुरवठा बंद असूनही तार जिवंत असू शकते. तारेजवळची फांदी काढायचीच असेल तर महावितरणच्या जवळच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या किंवा 1912 वर कळवा, आणि लाईन रीतसर बंद करून त्यांची माणसं समोर असतानाच ती उतरवा. चार हेलपाटे होतील, होऊ देत.

एवढं करूनही कुणाचा दांडा तारेला लागलाच तर बाकीच्यांनी त्याला हात लावायचा नाही, धावत जायचं नाही. तार जमिनीवर पडली असेल तर जमिनीतही वीज पसरलेली असते. पाय न उचलता, घासत घासत, छोट्या पावलांनी लांब व्हा, निदान दहा मीटर. मग फोन: आधी 1912, आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

उभं कुठे राहायचं

दुसरी फेरी जमिनीकडे बघत. कातळावरची बाग असेल तर सुटे जांभे दगड, कलमाभोवतीचं आळं, ठिबकच्या नळ्या, वाळलेल्या पाल्याखाली झाकलेले खड्डे. पाला कोयत्याने किंवा काठीने बाजूला सारा. सापाच्या दृष्टीनेही ते बरंच. उभं राहायची जागा मोकळी हवी आणि मागे सरकायला वाट हवी, तीही तिरकी, फांदी पडेल त्या दिशेच्या उलट. पाठीमागे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, येत असेल तर ती जागा बाद.

दांडा जमिनीशी 60 अंशांपेक्षा जास्त उभा करू नका. आकड्यांत सांगायचं तर काप चार मीटरवर असेल आणि हात कमरेपाशी एक मीटरवर, तर तुम्ही कापाच्या बरोबर खालून साधारण पावणेदोन मीटर बाजूला असायला हवं. त्याहून जवळ गेलात की तुम्ही फांदीच्या सावलीत आलात. पण नुसतं अंतर पुरत नाही. फांदी ज्या रेषेत वाढली आहे त्या रेषेत उभं राहू नका, तिच्या आडव्या अंगाला राहा. फांदी खाली येताना शेंड्याकडून आधी झुकते, जमिनीवर टेकते आणि मग तिचा बुंधा उसळून मागे येतो. 10 सेंटीमीटर जाडीच्या, तीन मीटर लांब ओल्या आंब्याच्या फांदीचं नुसतं लाकूड वीस किलोच्या आसपास भरतं, पाला वेगळा.

उतारावर वरच्या बाजूला उभे राहा. कोकणात सपाट बाग नशिबाने मिळते, आणि पडलेली फांदी उतारावरून घसरत जाते. खालच्या टप्प्यावर कुणी पाला गोळा करत असेल तर आधी त्याला वर बोलवा.

बाकी माणसं, पोरं, कुत्री, सगळी 15 मीटर लांब. मदतनीस एकच, तोही तुम्हाला दिसेल अशा ठिकाणी. राखणीला नेपाळी गडी असेल तर शब्दांवर विसंबू नका, हाताच्या खुणा आधीच ठरवा: हात वर म्हणजे थांब, हात आडवा म्हणजे मोकळं आहे. आणि एकट्याने हे काम करायचं नाही. डोंगरातल्या बागेत मोबाईलला रेंज कुठे येते तेही सुरू करण्याआधी माहीत असू द्या.

मशीन तयार करणं

बॅटरी काढलेलीच आहे, हातमोजे घातलेत. चेनचे दात बघा: वरच्या बाजूला त्यांची धार टोकाकडे तोंड करून असली पाहिजे. उलटी बसवलेली चेन कापत नाही, नुसती घासते आणि धूर काढते. बाराच्या खालच्या बाजूला मध्यावर चेन चिमटीत धरून ओढा. ती थोडी सुटावी, पण आतले खालचे दाते खोबणीतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडल्यावर टचकन जागेवर बसावी. नवी चेन पहिल्या काही फांद्यांतच ताणून सैल होते, तेव्हा पुन्हा तपासा. तापलेली चेन घट्ट केली असेल तर काम संपल्यावर ती सैल करून ठेवा, नाहीतर थंड होताना आखडून बाराला जाच करते.

ऑइल भरा. चेनचंच ऑइल आणा. गाडीचं काढलेलं काळं ऑइल ओतायची सवय वाईट, त्यात लोखंडाचा कीस असतो आणि शेवटी ते झाडाच्या जखमेवरच उडतं. आता बॅटरी लावा आणि पोफळीच्या वाळलेल्या विरीसमोर (झावळीच्या बुडाच्या रुंद पट्ट्यासमोर), न टेकवता, चेन काही क्षण फिरवा. विरीवर तेलाची बारीक रेघ उमटली की ऑइल पोचतंय. काही मशीनांत ऑइल आपोआप येत नाही, बटण किंवा फुगा दाबावा लागतो. ते विसरलं की अर्ध्या तासात बार निळा पडतो.

खटका सोडल्याबरोबर चेन थांबते का, तेही बघून घ्या. फिरत राहिली तर त्या दिवशी काम नाही.

काप कसा घ्यायचा

बाराच्या लांबीला भुलू नका. 10 इंचांचा बार आहे म्हणून 10 इंचांची फांदी कापता येते असं नाही. डोक्यावरच्या कामाला मी 10 ते 12 सेंटीमीटर ही हद्द मानतो. त्याहून जाड फांदी असेल तर अनुभवी माणूस दोर लावून उतरवेल, त्याला बोलवा.

लांब फांदी एका घावात बुडातून कापायचा मोह होतो. तसं न करता शेंड्याकडून खोडाकडे या, मीटर-दीड मीटरचे तुकडे करत. तुकडे हलके पडतात, कलमाच्या खालच्या फांद्या मोडत नाहीत, आणि फांदी कशी वागते याचा अंदाज येत जातो. शेवटी जो सोट राहील त्याला तीन काप:

1. खोडापासून वीत-दीड वीत अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा काप. इथे बाराची वरची धार लागते आणि मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, म्हणून पकड घट्ट आणि काप उथळ. तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेलात तर फांदीच्या वजनाने बार चिमटीत सापडतो.

2. त्या कापाच्या दोन-तीन बोटं शेंड्याकडे, वरून काप. फांदी खालच्या कापापर्यंत चिरत येते आणि तिथे तुटते. हा खालचा काप नसेल तर साल खोडापर्यंत सोलत जाते, आणि ती जखम कलम वर्षानुवर्षं वागवतं.

3. उरलेला खुंट. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा फुगलेला, सुरकुतलेला कडा असतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्या. कडा कापला तर जखम भरायला वेळ लागतो, खुंट लांब सोडला तर तो वाळतो आणि कुजत आत जातो.

प्रत्येक कापाला क्रम सारखाच. चेन आधी पूर्ण वेगात आणायची, मग फांदीला लावायची. बाराच्या मुळाशी असलेला आकडा किंवा टेका फांदीला भिडवायचा, म्हणजे चेन मशीनला ओढते तेव्हा ते उडी मारत नाही. दाबायचं नाही, वरच्या डोक्याच्या वजनानेच काप उतरतो. दाबावं लागतंय म्हणजे चेन बोथट झाली. त्याची खूण खाली पडणाऱ्या भुशात दिसते: धारदार चेन जाडसर कीस टाकते, बोथट चेन पिठासारखी भुकटी. बाराचं टोक दुसऱ्या फांदीला लागू देऊ नका, तिथे मशीन झटका देऊन मागे येतं. हापूसच्या दाट घेरात ही काळजी जास्तच लागते, कारण मागची डहाळी पानांत दिसत नाही.

शेवटच्या क्षणांकडे कान आणि डोळे दोन्ही असू द्या. कापाची फट वरून उघडायला लागते, लाकूड कर्रकन आवाज करतं, मशीनचा सूर हलका होतो. तेव्हा खटका सोडा, दांडा बाजूला ओढून घ्या आणि ठरवलेल्या वाटेने मागे सरका. फांदी पडल्यावर लगेच पुढे जायचं नाही. वर अडकलेल्या डहाळ्या थोड्या वेळाने खाली येतात.

बार अडकला तर खटका सोडा आणि बॅटरी काढा. बहुतेक मशीनांत बॅटरी तुमच्या हाताशी असते, त्यामुळे डोकं वर अडकलेलं असतानाही ती निघते. मग मदतनिसाने बाजूने, फांदीखाली न येता, आकडीने फांदी थोडी उचलून धरायची. फट उघडते आणि बार सुटतो. दांड्याला लोंबकळून हिसके दिलेत तर मशीन फांदीसकट अंगावर येईल.

दहा-पंधरा मिनिटांनी मशीन खाली ठेवून मान आणि खांदे मोकळे करा. दमलेले हात दांडा हळूहळू उभा करतात, आणि 60 अंशांचा हिशोब कधी सुटला ते कळतही नाही.

शिडीवर किंवा फांदीवर उभं राहून पोल सॉ वापरायची नाही. याला सूट नाही.

बांडगुळासाठी खास

माझ्या मते आंब्याच्या बागेत या मशीनचा सगळ्यात चांगला उपयोग बांडगूळ काढायला होतो. फुलटोचा पक्षी बांडगुळाची फळं खातो, चिकट बिया फांद्यांवर लागतात आणि तिथेच रुजतात. मुळं फांदीच्या आत शिरतात, म्हणून वरची पानं ओरबाडून भागत नाही, काही महिन्यांत ते पुन्हा फुटतं. बांडगूळ जिथे चिकटलं आहे तिथे फांदी गाठीसारखी फुगलेली दिसते. त्या गाठीच्या वीतभर खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला, निरोगी लाकडात काप घ्या. पाऊस उघडल्यावर, मोहोर यायच्या आधी एक फेरी मारली तर बांडगुळं ओळखायलाही सोपी जातात: पानं आंब्यापेक्षा जाड आणि बोथट, फुलं असली तर नारिंगी-लाल नळ्यांसारखी. काढलेलं बांडगूळ बियांसकट झाडाखाली टाकून ठेवू नका.

कापाला मलम

आंब्याच्या ताज्या जखमेकडे भिरूड, म्हणजे खोडकिडा, येतो आणि बुरशीही. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, लोखंडी बादलीत नाही. तयार पेस्टमध्ये घासलेलं लोखंडी पातं थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. उंचावरच्या कापासाठी बांबूला ब्रश बांधला की काम होतं.

पूर्ण झाडच तोडायचा विचार असेल तर तो वेगळा विषय. आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी लागते. खाडीकाठच्या कांदळवनाला तर हात लावू नका.

जिथे हे मशीन नको

माडावर नको. माड मशीनच्या आवाक्याबाहेर असतो, आणि ठेंगणा असला तरी झावळीचे व पिसुंदरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाच्या जाळीचे, तंतू चेनमध्ये गुंडाळले जातात. वर नारळ असतातच. ते पाडेलीचं, म्हणजे नारळ पाडणाऱ्याचं काम, त्यालाच करू द्या.

बांबूच्या बेटात नको. एकमेकांत अडकून वाकलेल्या काठ्या ताणलेल्या असतात, कापल्याबरोबर फटकारतात.

वादळात मोडलेल्या झाडांवर तर मुळीच नको. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे आणि मे 2021 मधल्या तौक्तेनंतर खाली सिंधुदुर्गापर्यंत, अर्धवट मोडून लोंबणाऱ्या फांद्या आणि एकमेकांवर रेललेली झाडं जागोजागी होती. अशा लाकडात ताण कुठे आहे हे खालून दिसत नाही, आणि त्यात तारा गुंतलेल्या असतात.

पावसात, ओल्या झाडाखाली, वाऱ्यात काम बंद. वळीव गडगडायला लागला की सगळं आवरून घरी.

काम झाल्यावर आणि पावसाळ्यात

बॅटरी काढा, मग साफसफाई. आंब्या-फणसाचा चीक भुशात मिसळून बाराच्या खोबणीत सिमेंटसारखा बसतो. पातळ काडीने खोबणी कोरा, चेन केरोसिन किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, वाळली की ऑइलचा हात फिरवा. समुद्राच्या हवेत उघडी चेन बघता बघता तांबारते. पाण्याचा पाइप मशीनवर मारू नका. बाराला म्यान लावूनच ते उचलायचं, बागेतून दुसऱ्या कलमाकडे जातानाही.

बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत गार होऊ द्या. बंद गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात ती ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. विजा चमकत असताना किंवा व्होल्टेज खालीवर होत असताना चार्जर सॉकेटमधून काढलेलाच बरा, आणि चार्जिंग गवताच्या माचाजवळ किंवा वाळल्या लाकडांजवळ करायचं नाही. मिरगानंतर मशीन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून, मशीनपासून वेगळी, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा. पडवीत नको, तिथे ओल येते. गणपतीच्या सुमारास एकदा काढून बघा, उतरली असेल तर पुन्हा निम्म्यापर्यंत भरा. फुगलेली, तडकलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी चार्ज करून बघायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही. दुकानदाराकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे परत द्या.